पान्यांची सुट्टी

झेंडूच्या वासात ग्रीसचा वास मिसळला की मला अमेरिकेतल्या जॉर्जियातलं ते गॅरेज आठवतं. एका छोट्या ट्रक रेसिंग टीममध्ये मी मेकॅनिक होते, आणि टीमचा तो शेवटचा सीझन होता. तेव्हा माझ्याकडे राहायला आलेली आई खंडेनवमीला डबा द्यायला आली आणि मी हात धुऊन येईपर्यंत तिनं सगळ्या पान्यांना हळदकुंकू लावून फुलं वाहिली. "आज यांना हात लावायचा नाही," ती म्हणाली. रेस तोंडावर आलेली, इंजिन उघडं पडलेलं. तेवढ्यात म्हातारे मालक आले. मी चाचरत सगळं समजावलं. "माझ्याकडे यांना कधी सुट्टी मिळालीच नाही," असं म्हणून त्यांनी शटर ओढलं. टीम बंद झाल्यावर त्यांनी मला दिलेला पाना आज पूजेला काढलाय. देताना त्यांनी ग्रीस लख्ख पुसलं होतं, आईनं लावलेलं कुंकू मात्र राहू दिलं होतं.