गुडघ्यापुढे दोन डबे

अप-डाऊन करणाऱ्यांना किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास, तीच पाच माणसं, तीच गाडी आणि तेच खड्डे. घरात कुणी बोलायला लागलं तर उठून स्वयंपाकघरात जाता येतं. धावत्या गाडीतून कुठं जाणार? मी गणित शिकवते, पण नऊ वर्षांत माझ्याकडे गणितांपेक्षा किस्सेच जास्त जमलेत. त्यातले हे गाडी बदलल्याचे.

आमची शाळा गंगापूरला आणि आम्ही राहतो शहरात. गाडी साळवे सरांची, इतिहास शिकवतात ते. छोटी, पांढरी, त्यांच्या खानदानातली पहिली चारचाकी. चालवतातही तेच. पुढं त्यांच्या शेजारी मी. मागं एका खिडकीला पी.टी.चे ढोले सर, दुसऱ्या खिडकीला विज्ञानाचे शेख सर. आणि दोघांच्या मध्ये इंगळे सर, आमचे हेडक्लार्क. उंची सहा फूट दोन इंच.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या उंच माणसाला मध्ये कशाला कोंबलं? तर आमच्या गाडीचा नियम. शेवटी आलेला मध्ये बसणार, नवा कुणी आला की तो खिडकीला सरकणार. इंगळे सर संस्थेच्या अजिंठ्याच्या शाळेतून बदलून आले, नवे होते, मध्ये बसले. त्यांच्यानंतर नवा माणूस आलाच नाही.

नियम मोडायचे प्रयत्न झाले, नाही असं नाही. एकदा ढोले सर मध्ये बसले, तर मागची दोन्ही दारं लागेनात. शेख सर बसले, तर वाळूज येईपर्यंत त्यांना दोनदा उतरवावं लागलं. खिडकीचा वारा नसला की त्यांना मळमळतं. मी माझी पुढची जागा देऊ केली, तर इंगळे सर कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "मॅडमनी मागं दोन गड्यांच्या मधी बसायचं अन् मी म्होरं? नाय. मला घरी तोंड दाखवायचंय."

विषय संपला!

*

मध्ये बसल्यामुळं इंगळे सरांचे गुडघे पुढच्या दोन सीटच्या फटीतून बाहेर यायचे, आणि त्या दोन गुडघ्यांच्या बरोबर मध्ये हँडब्रेक. साळवे सरांना तो ओढायचा तर आधी इंगळे सरांना एक पाय बाजूला घ्यायला सांगावं लागायचं. पाय बाजूला घ्यायला जागा नव्हती.

मग हळूहळू ते खातंच इंगळे सरांकडे गेलं. गोलवाडीच्या रेल्वे पुलाच्या चढावर रोज ट्रॅफिक तुंबतं. गाडी थांबली की साळवे सर म्हणायचे, "इंगळे सर, ब्रेक." इंगळे सर कटकन ओढायचे. पुढची गाडी हलली की न सांगता सोडायचे. टायमिंग असं जमलेलं, की डुलकी लागली असली तरी हात बरोबर चालायचा.

एकदा साळवे सर बायकोला घेऊन त्याच पुलावरून निघाले होते. चढावर थांबले आणि सवयीनं म्हणाले, "इंगळे सर, ब्रेक." वहिनींनी मागं वळून बघितलं. मागं कुणी नाही आणि गाडी निघाली उतरायला. "धा वर्सं गाडी चालवताय," वहिनी म्हणाल्या, "निम्मी तर ते इंगळेच चालवतेत!"

*

शाळेच्या फाटकाशी इंगळे सर गाडीतून एकदम उतरायचे नाहीत. आधी एक पाय बाहेर. मग थोडं थांबून दुसरा. मग दाराला धरून अर्धं उभं राहणं, मग कंबर, मग मान. सगळ्यात शेवटी हात वर करून एक मोठा आळस. हे पाचेक मिनिटं चालायचं.

एका वर्षी शाळेच्या घंटेचं घड्याळ बंद पडलं. दोन दिवसांनी हेडमास्तरांच्या लक्षात आलं, की घड्याळ बंद असूनही घंटा वेळेवर होतेय. त्यांनी शिपाईमामांना विचारलं, "वेळ कुठं बघता?"

मामा म्हणाले, "इंगळे साहेब पुरते सरळ झाले का देतो."

आम्ही खूप हसलो त्या दिवशी. इंगळे सरही हसले. पण संध्याकाळी परत निघताना त्यांना गाडीत बसायला जास्त वेळ लागला, आणि ते मी पाहिलं.

*

यंदा डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, गुडघे दुमडून बसायचं नाही. रिटायरमेंटला पाच महिने राहिले होते. इंगळे सर दुसऱ्या दिवशी गाडीशी आले ते बसले नाहीत. खिडकीत वाकून म्हणाले, "साळवे सर, उद्यापासून मी एसटीनं येईन म्हणतो. तुमच्या गाडीला बोल नाय. माझ्याच तंगड्या लई लांब."

साळवे सर इतिहासाचे असले तरी भाषण वगैरे करणारे नव्हेत. त्यांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले, समोर बघितलं आणि म्हणाले, "बसा. पाच महिन्यांत तुमचे पाय सरळ करून दाखवतो. नाय केले तर मीबी तुमच्यासंगं एसटीनं येतो, गाडी राहू दे दारात."

"सर, गाडी बदलताय का काय?" ढोले सरांनी विचारलं.

"पोरगी नोकरीला लागली," साळवे सर म्हणाले. "आता हप्त्याला कशाला भ्यायचं?"

त्या दिवसापासून इंगळे सरांचे गुडघे हा आमच्या सगळ्यांचा प्रश्न झाला. मधल्या काळासाठी साळवे सरांनी वाळूजला पाच मिनिटं थांबायचं ठरवलं. इंगळे सर उतरून टपरीला दोन फेऱ्या मारायचे, आणि आम्ही दहा मिनिटं आधी निघायचो.

*

गाडी बघायला आम्ही पाचही जण गेलो, शाळा सुटल्यावर, थेट जालना रोडच्या शोरूमला. हातात डब्यांच्या पिशव्या तशाच.

शोरूमच्या मॅडम हुशार होत्या. त्यांनी साळवे सरांना स्क्रीन दाखवला, छताची काच उघडून दाखवली, थंड हवा मागच्या सीटलाही कशी येते ते सांगितलं. साळवे सर मान डोलवत राहिले. शेवटी म्हणाले, "ते सगळं झ्याक हाय. ह्यांना मागं बसवा."

इंगळे सर बसले. मॅडम म्हणाल्या, "बघा सर, किती स्पेस आहे."

"किती म्हणजे किती?" मी विचारलं. गणिताच्या माणसाला 'भरपूर' हे उत्तर चालत नाही. पट्टी कुणाकडेच नव्हती. मग मी पिशवीतून माझा स्टीलचा डबा काढला आणि इंगळे सरांचा गुडघा आणि पुढची सीट यांच्या मध्ये आडवा घालून बघितला. बसला नाही.

"नापास," साळवे सर म्हणाले आणि दुसऱ्या शोरूमकडे निघाले.

तीन रविवार आम्ही डबा घेऊन फिरलो. एका ठिकाणी डबा बसला, पण इंगळे सरांचं डोकं छताला लागलं. एका ठिकाणी डोकं बसलं, तर डबा तिरका करावा लागला. तिथला सेल्समन म्हणाला, "मॅडम, थोडा छोटा डबा नाही का?" मी त्याच्याकडे असं बघितलं, जसं मी दहावी 'ब'कडे बघते.

शेवटी फिरून पहिल्याच शोरूमला आलो. त्यांच्याकडे आधी दाखवलेल्या गाडीहून मोठी गाडी होती, लांबलचक, मागं डिकी वेगळी. माझा डबा बसला. इंगळे सरांनी त्यांचा डबा दिला, तोही बसला. दोन डबे! शेख सर पिशवीत हात घालून तिसरा काढत होते, तर साळवे सर म्हणाले, "बास. जास्त लाड नकोत. हीच."

इंगळे सर गाडीतून उतरेनात. मी वाकून बघितलं तर ते पाय पुढं करून नुसते बघत बसले होते, पायांकडेच.

*

जुनी गाडी एक्स्चेंजमध्ये द्यायची होती. तपासायला आलेला माणूस कडक होता. बॉनेट उघडून झालं, टायर ठोकून झाले. मग तो मागच्या सीटवर गेला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही.

"सर," त्यानं आतून विचारलं, "ह्या छताला मधोमध तेलाचा गोल डाग कशाचा? वरून काही गळतंय का?"

"गळत नाय," साळवे सर म्हणाले, "टेकतंय."

त्यानं लिहून घेतलं. मग पुढच्या दोन्ही सीटच्या आतल्या कडांवरून हात फिरवला. तिथं दोन खळगे पडले होते, वाटी बसेल एवढे. "आणि हे? गाडीतून जड सामान न्यायचात का? खरं सांगा, गाडीत बसणारी माणसं असं करत नाहीत."

साळवे सरांनी फाटकाशी उभ्या असलेल्या इंगळे सरांकडे बोट दाखवलं. त्या माणसानं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं. त्याला जरा वेळ लागला. मग त्यानं कागदावर 'सामान' असं लिहिलेलं खोडलं.

गाडी नेताना साळवे सरांनी हँडब्रेक सोडायला इंगळे सरांना आत बोलावलं.

*

आता खरी गंमत. गाडी यायला उशीर झाला. पांढऱ्या रंगाला वेटिंग होतं म्हणून साळवे सरांनी तपकिरी घेतली, म्हणाले, "पाय काय रंगावर ठेवायचेत?" तरी महिना सरत आला. मधले दिवस आम्ही खरंच एसटीनं काढले, पाचही जण. इंगळे सरांची रिटायरमेंट महिन्याच्या शेवटच्या तारखेला, गुरुवारी. बुधवारी संध्याकाळी शोरूमच्या मॅडमचा साळवे सरांना फोन आला, गाडी आली आहे, सोमवारी घेऊन जा.

"सोमवारी नको, उद्या सकाळी द्या," साळवे सर म्हणाले.

"उद्या कशी देणार सर? उद्या अमावस्या आहे. उद्या कुणीच डिलिव्हरी घेत नाही."

साळवे सरांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं बक्षीस लागलं. "कुणीच नाय ना? मग तर लायन बी नसंल. मॅडम, आमच्या घरात अमावस्या-पुनवंला गाडी अडत नाय. सकाळी आठला येतो. चावी तयार ठेवा."

सकाळी आठला शोरूममध्ये आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. एका गाडीच्या मागं सगळा स्टाफ! त्यांनी सवयीनं चाकाखाली चार लिंबं ठेवली होती. साळवे सरांनी ती उचलून ढोले सरांच्या हातात दिली. "दुपारी सरबत करू. निरोप समारंभाला कामी येतील." मग डोळे मिटून, हात जोडून त्यांनी बुद्धाचं त्रिसरण म्हटलं आणि गाडीचं दार उघडलं. मागचं.

"बसा इंगळे सर."

इंगळे सर सवयीनं मध्ये सरकायला लागले, तर शेख सरांनी त्यांचा दंड धरला. "इंगळे साब, आज खिडकी आपकी." आणि तोंडात आवळ्याची गोळी टाकून स्वतः मध्ये जाऊन बसले. गंगापूरपर्यंत त्यांना एकदाही मळमळलं नाही. निदान तसं त्यांनी आम्हाला सांगितलं.

इंगळे सरांनी पाय लांब केले. पूर्ण. नगर नाका गेला, गोलवाडी गेली, वाळूजला थांबायचं कारणच उरलं नव्हतं. मी आरशात बघितलं तर ते झोपले होते, मान मागं टाकून, तोंड उघडं. नऊ वर्षांत त्यांना इतकं गाढ झोपलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. ढोले सर हळूच म्हणाले, "आवाज करू नका," आणि साळवे सरांनी आख्ख्या रस्त्यात हॉर्न वाजवला नाही.

शाळेशी पोचलो. इंगळे सर दार उघडून एकदम उतरले आणि सरळ ऑफिसात निघून गेले. शिपाईमामा घंटेपाशी दांडकं घेऊन तसेच वाट बघत उभे!

*

शुक्रवारी, शनिवारी जोडून सुट्टी होती. सोमवारी सकाळी आम्ही चौघंच. शेख सरांना खिडकी परत मिळाली, मागं मधली जागा रिकामी. गाडी एवढी मोठी, तरी दोघं आपापल्या दाराला चिकटून. क्रांती चौकातून वळलो, तर आमच्या नेहमीच्या जागी कडक इस्त्रीचा शर्ट घालून, हातात डब्याची पिशवी घेऊन एक सहा फूट दोन इंची माणूस उभा.

साळवे सरांनी काच खाली केली. "सर, तुम्ही रिटायर झालात ना?"

"व्हय. गुरुवारीच."

"मग कुठं निघालात?"

"गंगापूरला. चहा पिऊन येतो."

"आणि परत?"

"तुमच्याच संगं." त्यांनी दार उघडलं. शेख सर खिशात आवळ्याची गोळी शोधत मध्ये सरकले. "नऊ वर्सं दुमडून नेलं तुम्ही मला. आता गाडी मोठी झाली अन् मी घरी बसू व्हय?"

पुढं गोलवाडीच्या पुलावर नेहमीसारखं ट्रॅफिक तुंबलं. चढावर गाडी थांबली. साळवे सर सवयीनं म्हणाले, "इंगळे सर, ब्रेक."

मागून, पाय लांब केलेल्या माणसाचा निवांत आवाज आला.

"मी रिटायर झालो. तुमचा तुम्ही ओढा."