पुतळेबाई

ग्रोनिंगन या डच शहरातल्या आम्हा मराठी विद्यार्थ्यांत त्यांचं नाव पुतळेबाई. कुणाच्याही घरी गेल्या, की फडताळावरची मूर्ती उचलून आधी तिचा तळ बघायच्या. एकदा स्थापनेआधी आमच्या गणपतीलाच हात घातला.

"बाई, देव आहे तो," मी म्हटलं.

"असू दे. साचा कुणाचा ते बघते."

बाई विद्यापीठात शिकवायच्या. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत सिनेटर, राष्ट्राध्यक्ष अशा पुढाऱ्यांचे हातभर उंचीचे पुतळे साच्यातून शेकड्यांनी निघत आणि साध्यासुध्या घरांत जाऊन बसत. त्यांचा विषय तोच. जुन्या बाजारांतून हिंडून त्यांनी असे कितीतरी पुतळे जमवले होते. फ्लॅटमध्ये पाहुण्याला खुर्ची एकच, बाकी सगळीकडे ब्राँझचे आणि प्लॅस्टरचे पुढारी. "जन्मभर भाषणं ठोकली यांनी," त्या म्हणायच्या, "माझ्याकडे आले आणि गप्प झाले."

पुण्यातला भाऊ गेल्यावर त्यांच्याशी मराठीत बोलणारे आम्हीच उरलो. मग आम्हीही एकेक करून नोकरीसाठी आइंडहोव्हनकडे पांगलो.

निवृत्त झाल्यावर बाईंनी सगळे पुतळे एका संग्रहालयाला देऊ केले. 'या प्रती आहेत, मूळ कलाकृती नव्हेत,' असं उत्तर आलं. मला फोनवर एवढंच म्हणाल्या, "शनिवारी ये. वजन उचलायला माणूस हवाय."

मी आइंडहोव्हनजवळच्या न्यूनेनहून गेलो. त्यांच्याच इमारतीत आम्ही दारोदार फिरलो. "घरांसाठीच केले होते हे. घरांत जाऊ देत," त्या म्हणाल्या. इतकी वर्षं तिथे राहून त्या कुणा शेजाऱ्याच्या उंबरठ्याआत गेल्या नव्हत्या. कुणी भिडेखातर पुतळा घेतला, कुणी दाराच्या फटीतूनच नको म्हटलं. समोरच्या एकट्या आजोबांनी मात्र विचारलं, "हा कोण?" बाई बसल्या. सांगता सांगता कॉफी निवली. निघताना ते म्हणाले, "उरलेलं गुरुवारी सांगा."

बाहेर आल्यावर बाईंनी हळूच विचारलं, "जावं का रे?"

"जा की."

त्या दर गुरुवारी जात राहिल्या, हॉस्पिटलात दाखल होईपर्यंत.

अंत्यविधीला आम्ही मोजकेच होतो. आजोबा माझ्याजवळ आले. "त्यांचं नाव कसं म्हणायचं? दारावर नुसतं वाचलंय. मी आपला कायम 'मेव्राउ' म्हणायचो."

"ज्ञानदा," मी म्हणालो. आम्हीही कायम बाईच म्हणत आलो होतो.

त्यांनी ओठांतल्या ओठांत घोळवून पाहिलं. जमेना. मी पुन्हा सांगितलं. मग ते शवपेटीपाशी गेले, टोपी काढली आणि सावकाश, जवळजवळ बरोबर, बाईंना नावाने हाक मारली.