आंब्याला जायचंय

गुरुवार, ६ फेब्रुवारी १९९७. घाटनांदूर. नळाला पाणी नाही. धुळाजीच्या शेतातून हुरडा आला, सासूबाईंना चावला नाही. दुकानातून येताना यांनी शेवंतीची वेणी आणली.

तेवढं लिहून रुद्राणीबाईंनी वही मिटली. दुसऱ्या एखाद्या बाईने ती वेणी आधी डोक्यात माळली असती. रुद्राणीबाई मात्र वेणी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात नुसत्याच उभ्या राहिल्या होत्या.

श्रीशैलअप्पांचं बाजारात भांड्यांचं दुकान. माणूस मितभाषी. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण बायकोला हाक मारायची ती ‘ऐकलं का’ अशीच. तिचं नाव त्यांच्या तोंडून यायला लागलं की पुढे काय होतं, हे रुद्राणीबाईंनी दोनदा पाहिलं होतं. दुसऱ्या खेपेला अप्पांनी गच्चीवर भलीमोठी डिश बसवली आणि साऱ्या गावाला फुकट केबल देतो म्हणून जाहीर केलं. लोकांनी हार घातले. दुकानातले हंडे-घागरी त्यांनी ज्याला त्याला वाटून टाकले. गाव खूश होतं. मग एके दिवशी ते भिंतीकडे तोंड करून निजले, ते चार महिने. अंघोळ नाही, गळ्यातल्या लिंगाची पूजा नाही.

त्यानंतर आंब्याचा, म्हणजे अंबाजोगाईचा, सरकारी दवाखाना सुरू झाला. तिथल्या, सिकंदराबादहून आलेल्या डॉक्टरबाईंनी ‘बायपोलर’ हा शब्द सांगितला. गोळ्या, रक्ततपासणी आणि दर महिन्याला समोर बसून बोलणं. बोलणं हासुद्धा उपचारच, असं त्या म्हणाल्या. एकदा त्यांनी विचारलं, “चढायला लागतं तेव्हा सगळ्यात आधी काय बदलतं?”

अप्पा म्हणाले, “झोप.”

रुद्राणीबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, “हे माझं नाव घेतात.”

अप्पांनी मान खाली घातली. मग त्यांनीच तोड काढली. “तसं दिसलं की हिनं निस्तं ‘आंब्याला जायचंय’ म्हणावं. मी वाद घालणार न्हाई.”

आणि आज ती वेणी देऊन ते समोर हसत उभे होते. “रुद्रे, माळ की डोस्क्यात!”

“आंब्याला जायचंय,” रुद्राणीबाई म्हणाल्या.

अप्पांचं हसू तसंच राहिलं, डोळे तेवढे बदलले. “कावून? नवऱ्यानं फुलं आणली की डागदर बोलवा, असं शिकीवलं व्हय तुमच्या त्या सिकंदराबादच्या मडमांनी?”

“घे की गं बाई!” शिवम्मा, त्यांच्या सासूबाई, माजघरातून ओरडल्या. “माझ्या लेकाला कदी न्हाई ते सुचलं, आन हिचं तोंड एरंडेल पेल्यावानी!”

“काल झोपलात का?” रुद्राणीबाईंनी अप्पांना विचारलं.

“लई बरं वाटायलंय, रुद्रे. किती दिसांनी! हे बी काढून घेणार?” मग त्यांचा आवाज उतरला. “तुज्याबद्दल जे वाटायलंय, ते बी आजारच म्हन की मग.”

यावर डॉक्टरबाईंनी कधीतरी काहीतरी सांगितलं होतं. रुद्राणीबाईंना त्यातलं एक अक्षर आठवेना.

“त्यांनाच विचारा,” त्या कशाबशा म्हणाल्या.

“इच्यारतो. तू भायेर बसायचं.”

शुक्रवारी सकाळी ते एसटीत बसले. अप्पांनी कंडक्टरपासून बाजारकरणींपर्यंत सगळ्यांना हसवलं. “अप्पासारका मानूस न्हाई,” शेजारची बाई रुद्राणीबाईंना म्हणाली. “नशीबवान हाव बाई तुमी.” त्यांनी मान डोलावली.

दवाखान्यात त्या बाहेरच्या बाकावर बसल्या. आत आधी अप्पांचा आवाज चढला, मग ऐकू येईनासा झाला. डॉक्टरबाईंनी गोळी वाढवली, रक्त काढायला सांगितलं, आठ दिवसांनी बोलावलं. रुद्राणीबाईंना बाजूला घेऊन म्हणाल्या, “लवकर आलात, हे चांगलं झालं. पण यावेळी चढणारच नाही असं मी सांगू शकत नाही. आणि एकाच खुणेवर राहू नका. झोप बघत जा.”

परतीच्या गाडीत अप्पा खिडकीकडे सरकून बसले. कुणाशी बोलले नाहीत. घाटनांदूरला उतरताना म्हणाले, “ऐकलं का, पिशवी राहिली वर.”

रुद्राणीबाईंचा पाय पायरीवरच अडखळला. वाढवलेली गोळी अजून पोटातही गेली नव्हती. मग हा उतार आला कुठून? हा माणूस बरा आहे, की आपल्याला काही दिसू नये म्हणून जीभ आवरून बसलाय? आणि तसं असेल तर आता ओळखायचं कशावरून? ज्या एका गोष्टीवरून कळायचं, ती आपणच त्यांच्या देखत सांगून बसलो. आता ती खूण ते कधीच दिसू देणार नाहीत, आजारात नाही आणि बरे असतानाही नाही.

जेवताना त्या त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. अप्पांनी दोन भाकरी खाल्ल्या, मीठ मागितलं, नव्या गोळ्या शिवम्मांसमोर मुकाट्याने गिळल्या आणि अंथरुणावर जाऊन डोळे मिटले. झोप लागली होती की नाही, ते सांगता येत नव्हतं. त्यांना हात लावून बघावं असं रुद्राणीबाईंना वाटलं, पण लावला नाही.

त्या रात्री वहीत त्यांनी एवढंच लिहिलं: ज्वारीचं दळण जाड आलं. भाकरी थापताना चिरत होती.