गळ्यातले चार हजार पाच

तिसरीत असताना आश्रमशाळेतल्या गणिताच्या सरांनी मला फळ्यावर चारशे पाच लिहायला सांगितलं. घरी आम्ही माडिया बोलायचो. मराठी आकडे मी जसे कानावर पडतील तसे लिहायचे. आधी चारशे ऐकू आले, म्हणून ४०० लिहिले. मग पाच ऐकू आले, म्हणून त्यापुढे ५. झाले चार हजार पाच.

चूक काय ते सरांनी सांगितलं नाही. तो आकडा पाटीवर लिहून पाटी माझ्या गळ्यात अडकवली आणि मला वर्गावर्गांतून फिरवलं. प्रत्येक दारात म्हणाले, "पाहा रे, जंगलातलं डोकं असं चालते."

पहिलीत माझी धाकटी बहीण बसली होती. सगळी पोरं हसली, ती हसली नाही. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेली ती शाळेत परत आलीच नाही. आईनं मारून पाहिलं, बापानं समजावून. तिचं एकच, माझ्याही गळ्यात पाटी बांधतील. आज तिला सही करता येत नाही. माझा राग आहे तो याचा, स्वतःच्या अपमानाचा नंतर.

त्याच सुट्टीत आईनं झाडूसाठी आणलेल्या काड्या घेऊन मी अंगणात बसले. दहा काड्यांची एक जुडी, दहा जुड्यांचा एक भारा. चारशे पाच म्हणजे चार भारे, पाच सुट्या काड्या आणि जुडी एकही नाही. जुड्यांची जागा रिकामी, पण जागा आहेच, तिथं शून्य बसतं. ४०० + ० + ५. कळलं तेव्हा आनंद झाला नाही. एवढं सांगायला सरांना किती वेळ लागला असता, हेच डोक्यात आलं.

मी शिक्षिका झाले. मागच्या वर्षी तालुक्याच्या गावी शिक्षकांना गणिताचं प्रशिक्षण द्यायला मला नेमलं, आणि यादीत सरांचं नाव दिसलं. त्यांच्या निवृत्तीला थोडे महिने उरले होते. कोणती संख्या विचारायची ते मी तेव्हाच ठरवलं.

पहिल्याच दिवशी त्यांना फळ्याकडे बोलावलं आणि दोन कोटी सात हजार चार लिहायला सांगितलं. त्यांनी २०७००४ लिहिलं. विस्तारित रूप मांडा म्हटलं. २००००० + ७००० + ४ मांडलं आणि त्यांचा हात थांबला. दोन कोटींचे दोन लाख झाले होते. मागून कुणीतरी हसलं. मी त्याला थांबवलं नाही, सरांनाही बसा म्हटलं नाही. चहा येईपर्यंत ते खडू धरून उभे होते.

मग जवळ जाऊन विचारलं, "सर, चारशे पाचची पाटी आठवते?"

"नाई आठवत, मॅडम. कोणाची पाटी?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं. त्याचा मला जास्त राग आला. बहिणीचं सगळं सांगितलं, आवाज न चढवता. मग ते म्हणाले, "मलेच तो धडा समजला नव्हता. म्हणून पोरांले पाठ करायले लावत होतो."

हे ऐकून मी विरघळेन असं त्यांना वाटलं असेल. नाही विरघळले. दुसऱ्या दिवशी सगळे माझ्या शाळेत तिसरीचा वर्ग पाहायला आले. बाकीच्यांना खुर्च्या दिल्या. सरांना सतरंजीवर मुलांमध्ये बसवलं, हातात काड्या दिल्या आणि जुड्या बांधायला लावल्या. एक खुर्ची शिल्लक होती. त्यांचे गुडघे दुखत असावेत, कारण तिच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. मी पुढची संख्या सांगितली.