शेवंताकाकूंची लाल टिकली

शेवंताकाकू फोन लावायच्या तो टिकली दाबून. दहा वर्षांपूर्वी नवरा गेला तेव्हा घरात टिकल्यांचं एक पाकीट उरलं होतं. “फेकू कायले?” म्हणत त्यांनी त्यातली लाल टिकली बटणाच्या फोनवर, दोनच्या आकड्यावर चिकटवली. ती दाबून धरली की लेक मंदा बोलायची. काकूंना वाचता येत नव्हतं. रिसोडच्या कडेला त्या मेथी-वांगी पिकवत. मी त्यांची शेजारीण. विधवांनीही कुंकू लावावं, असं मी लिहिलेलं पत्रक त्यांनी मेथीच्या जुड्यांखाली अंथरलं होतं.

पहिला फोन आठ वर्षं चालला. दुसरा दीड वर्ष. तिसऱ्याची बॅटरी सहा महिन्यांत फुगली.

“ही बॅटरी यायची बंद झाली, काकू. नवाच घ्या,” दुकानदार म्हणाला.

“माह्या पायात काटा रुतला, तं मलेच बदलशीन का रे?”

मी भांडले. लवकर मोडावी म्हणूनच वस्तू बनवणं ही चोरी आहे, असं मी भर दुकानात सुनावलं. तो शांतपणे म्हणाला, “ताई, मी बनवत नाही, विकतो.”

काकूंनी माझा हात ओढला. “तुह्यं भाषण मंग, पोरी. मंदाले नववा लागला.”

मंदा नवऱ्याबरोबर दूर ऊसतोडीला गेली होती. दुकानात बटणाचे फोन संपले होते, म्हणून काचेचा घेतला. मी पडद्यावर मंदाचं नाव आणून ठेवलं. काकूंनी त्यावर नवी टिकली लावली.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या धापा टाकत आल्या. “फोन वाजते अन् बंद होते. मी टिकली दाबतो, तं कोनीच बोलत नाही!”

टिकली जागेवरच होती. तिच्याखालचा पडदा मात्र सरकला होता आणि तिथे कॅमेरा आला होता. टिकली जितक्यांदा दाबली, तितके आत ओळीने फोटो होते. सगळ्यांत काकूंचं कोरं कपाळ आणि लेक दिसते का, म्हणून वाकून पाहणारे डोळे.

मी नंबर लावला.

“आई, काल पोरगी झाली! कुठी होती तू?”

“इथंच होतो, माय. दाबूनच राह्यलो होतो.”

बोलणं झाल्यावर काकूंनी पदराने काच पुसली. नखाने टिकली सोडवली, क्षणभर बोटावर धरली आणि कपाळावर लावली.

“इथून नाही सरकत,” त्या म्हणाल्या आणि मेथीला पाणी द्यायला निघून गेल्या.