बटण आलं, बटण आली

माझी मावशी शिलाईकाम करते आणि खोटं बोलत नाही. या दोन गोष्टी एकत्र चालवणं किती अवघड आहे, हे टेलरसमोर कधी पोट आत घेऊन उभं राहिलेल्या माणसाला कळेल. "कापड आटलं वाटतं," असं गिऱ्हाईक म्हणालं की बाकीचे टेलर मान डोलावतात. मावशी टेप काढून पोटाभोवती गुंडाळते आणि म्हणते, "कापड होतं तेवढंच आहे."

तळमजल्यावर आमच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत मावशीचं पायमशीन, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्याही मागे कुंपण घातलेलं छोटं परसदार. वर घरमालक राहतात. सगळे त्यांना बेकरीवाले काका म्हणतात. रात्रभर ते भट्टीपुढे उभे असतात, उजाडताना घरी येतात आणि दुपारपर्यंत झोपतात. म्हणून मावशी दुपारपर्यंत मशीनला पाय लावत नाही. सकाळी फक्त कापणी आणि हातशिलाई. मी नोकरीसाठी तिच्याकडे राहायला आले, त्याच्या आधीपासूनचा हा करार आहे. कोंबड्या पाळायची परवानगीही काकांनी एका अटीवर दिली होती. "कोंबड्या हव्या तेवढ्या पाळा ताई, पण कोंबडा नको. माझ्या झोपेचं खोबरं होईल."

आता पिल्लू काही अंड्यातून बाहेर येताना गळ्यात पाटी अडकवून येत नाही.

या खेपेला अंड्यांवर बसलेल्या खुडूक कोंबडीखाली चारदोन पिल्लं निघाली. एकाचा पाय वाकडा होता. कोंबडी त्याला मागे टाकून बाकीच्यांना घेऊन निघून गेली. मावशीने ते उचललं, पायाला पुठ्ठ्याचा तुकडा आणि कापडाची पट्टी बांधली आणि मशीनखालच्या चिंध्यांच्या टोपलीत ठेवलं. तिथे ते सांडलेल्या बटणांना चोची मारत बसायचं, म्हणून त्याचं नाव बटण.

एखादी गोष्ट माहीत करून घ्यायची झाली की मला चैन पडत नाही. बटण नर की मादी? मी भेटेल त्याला विचारत सुटले. अंडीवाली बाई म्हणाली, लांबट अंड्यातून नर निघतो. पण टरफलं केव्हाच झाडांच्या मुळाशी गेली होती. शेजारीण म्हणाली, दोऱ्याला अंगठी बांधून पिल्लावर धर. मी धरली. अंगठी गोल फिरली, मग आडवी हलली, मग बटण तिला गिळायला बघू लागलं. शेवटी पोल्ट्रीवाला भेटला. तो म्हणाला, "पहिल्या दिवशी पंख बघून कळतं, पण ठरावीक जातींतच. तुमच्या मिसळ कोंबड्यांत त्याचा उपयोग नाही. थोडं थांबा. आधी तुरा बघा, मग कमरेवरची पिसं, शेपटीच्या मुळाशी. मादीची टोकं गोल, नराची लांब आणि टोकदार."

हे मात्र मावशीला पटलं. "म्हणजे कापावरून ओळखायचं," ती म्हणाली आणि बटणाकडे वळली. "काय, लेडीज की जेंट्स?"

तोवर तिने त्याला 'ते'च म्हटलं. बटण आलं, बटण झोपलं, बटण कुठे गेलं. मी चुकून 'ती' म्हटलं की लगेच टोकायची. "माप घेतल्याशिवाय कात्री चालवू नकोस." पाय सरळ झाल्यावरही बटण टोपली सोडेना. दुपारी मावशीच्या पायांपाशी बसून मशीनच्या तालावर मान हलवायचं.

त्याच्या भावंडांपैकी एक नर निघाला. अंडीवाली त्याला पाय धरून उलटा घेऊन गेली. ती कोंबडे कशासाठी नेते, हे विचारायची गरज नव्हती. त्या दिवशी मावशीच्या घशाखाली घास उतरला नाही.

मग एका संध्याकाळी ती सहज म्हणाली, "बटण जेवली का गं?"

माझा हात कपावरच थांबला. बटण जेवली? "म्हणजे मादी आहे? तुला कळलं?"

"हो," मावशी म्हणाली आणि माझ्याकडे न बघता सुईत दोरा ओवत राहिली.

मी बटणाला उचलून पाहिलं. तुरा चांगला लालभडक झाला होता, पण काही माद्यांचाही होतो म्हणे. कमरेवरची पिसं मात्र गोल होती, अगदी एकसारखी गोल. माझा जीव भांड्यात पडला.

एक गोष्ट तेवढी कळेना. मावशी उजाडायच्या सुमाराला मशीन चालवू लागली. मी अंथरुणातून विचारलं तर म्हणाली, "काम तुंबलंय." उठून पाहिलं तर ती एका जुन्या चादरीवर नुसत्या सरळ शिवणी मारत होती. मग एकदा केर काढताना मशीनखाली पिसांची टोकं सापडली, लांबट, तांबूस, टोकदार. एका बाजूला टोक आणि दुसऱ्या बाजूला कात्रीचा काप.

मी ती तळहातावर घेऊन बघतच राहिले. कुणाच्या पोटाचा एक इंच कधी न लपवलेली बाई कोंबडा ऑल्टर करत होती. मला हसू आलं आणि लगेच पाय धरून उलटा नेलेला त्याचा भाऊही आठवला.

सकाळी विचारायचं ठरवलं होतं, पण त्याआधीच काका दारात हजर. अंगात बनियन, डोळे तांबारलेले.

"ताई, काय चाललंय हे? किती दिवस डोळ्याला डोळा नाही माझ्या."

मावशीचा पाय थांबला, मशीन थांबलं आणि त्या शांततेत टोपलीतून एक घोगरं, अर्धंमुर्धं आरवणं बाहेर आलं.

"भाऊ, मी तुम्हाला फसवलं," मावशी म्हणाली. "ती नाही, तो आहे. आजच पाठवते त्याला."

"हा आवाज होय?" काका म्हणाले. "मला वाटलं, तुमच्या मागच्या दाराची बिजागरी कुरकुरते. अहो, रात्रभर कणीक मळायच्या यंत्राशेजारी असतो मी. याने कसली झोप मोडतेय? तुमच्या मशीनने माझा पलंग हलतो, पलंग."

"पण तुमची अट..."

"ती मी याला ऐकायच्या आधी घातली होती. पुढे फारच गळा काढायला लागला तर बघू."

त्यांनी वाकून बटणाला उचललं, कमरेवरच्या पिसांवरून बोट फिरवलं, मग मशीनवरच्या कात्रीकडे पाहिलं.

"मागून कापणी झकास झालीय," ते म्हणाले. "गळा तेवढा कुणाला कापू देऊ नका."

ते जिना चढून गेले. मावशीने पदराने डोळे पुसले, कात्री खणात ठेवली आणि हात पुढे केला.

"ये रे," ती म्हणाली.

बटण आला.