मुलीची असिस्टंट कोच

माझी मुलगी माझ्याशी मराठीत एक वाक्य धड बोलत नाही, पण घराबाहेर पडताना "यल्ला!" म्हणते. यल्ला म्हणजे चला. हा अरबी शब्द तिने तिच्या सॉकर टीमच्या असिस्टंट कोचकडून उचलला. लहानपणापासून 'चल' म्हणून म्हणून माझा घसा बसला, ते काही तिच्या तोंडी रुळलं नाही.

ही कोच मूळची लेबनॉनची. तिथे देशाच्या टीममधून ती मिडफिल्डर म्हणून खेळली, मग गुडघा गेला आणि कोचिंगकडे वळून ती इकडे मिशिगनमध्ये आली. तिशीतली, सडपातळ. आमच्या नोव्हाय गावातल्या मैदानावर ती कडेने पळत मुलींना ओरडून सांगायची आणि माझी सोळा वर्षांची मुलगी ते कानात प्राण आणून ऐकायची. मी जॅकेट घाल म्हटलं, तर मात्र ऐकू जायचं नाही. पुढे तिने कोचसारखी घट्ट वेणी घालायला सुरुवात केली. कॉलेजात काय शिकायचं, तेही आधी कोचला सांगितलं. मला ते पार्किंग लॉटमध्ये दुसऱ्या एका मुलीच्या आईकडून कळलं.

मी कोल्हापूरची. आमच्याकडे फुटबॉलचं वेड केवढं! पण खेळायचा भाऊ, आणि त्याचे चिखलाने भरलेले मोजे धुवायची मी. त्यामुळे त्या बाईला बघून माझ्या पोटात दुखायचं, ते नुसतं मुलीमुळे नव्हतं. ती बॉल पायाखाली दाबून उभी राहायची ना, तेवढंसुद्धा मला बघवायचं नाही.

एका मॅचमध्ये मुलीचा पाय मुरगळला. मी धावत आत गेले, तोवर कोच तिचा पाय मांडीवर घेऊन बसली होती. मला बघून ती बाजूला सरकली. म्हणाली, "आई आली बघ."

मुलगी डोळे मिटूनच म्हणाली, "मॉम, वेट. लेट हर डू इट."

कोणीतरी माझ्या हातात बर्फाची पिशवी दिली होती. ती धरून मी तशीच उभी राहिले.

नंतर अर्जंट केअर दवाखान्यात मुलीला एक्स-रेसाठी आत नेलं. बाहेर आम्ही दोघीच. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "तुमच्या घरचे यायचे का मॅच बघायला?"

"वडील कधीच नाही. आई एकदा आली होती. मी तिला हातसुद्धा केला नाही, मैत्रिणींसमोर लाज वाटली." मग ती म्हणाली, "मी उन्हाळ्यात टेक्ससला चाललेय. कॉलेज टीमची असिस्टंट कोच म्हणून. मुलींना अजून सांगितलं नाही. सांगेन तेव्हा तुम्ही जवळपास असा."

मला आनंद झाला. इतका, की "अरे वा, काँग्रॅच्युलेशन्स!" हे मी जरा मोठ्यानेच म्हणाले. रिसेप्शनवरच्या बाईने मान वर करून बघितलं.

मुलींना कळलं त्या दिवशी मी मैदानाबाहेर गाडीत थांबले होते. मुलगी रडतच आली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो झटकला नाही, पण कानात इअरबड्स घातले आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

मला वाटलं होतं, आता ही माझ्याकडे वळेल. कसलं काय! दर रविवारी टेक्ससला व्हिडिओ कॉल सुरू झाला. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत असायची आणि हॉलमधून दोघींचं हसणं ऐकू यायचं. मी बाहेर आले की मुलीचा आवाज खाली जायचा.

पाय बरा झाल्यावर एका संध्याकाळी ती मागच्या अंगणात एकटीच कुंपणावर बॉल मारत होती. मी बूट चढवून गेले.

"मी देते ना परत बॉल."

तिने खांदे उडवले. "ओके."

थोडा वेळ बरं चाललं. मग ती म्हणाली, "कोच किक्स हार्डर."

"हो का?" म्हणत मी अशी लाथ घातली की बॉल थेट शेजाऱ्यांच्या लाकडी डेकवर. मुलगी पोट धरून हसायला लागली. तिला असं हसताना मी कितीतरी दिवसांनी समोरून बघत होते. अंगठा ठणकत होता, तरी मी लंगडत बॉल आणायला निघाले. आणि जाता जाता मनात हेच आलं, की ही गंमत आता रविवारी ती कोचला सांगणार.